तरीचा धक्का कुठे बांधायचा? खाडीकाठच्या जागा निवडताना कामाचा क्रम

शेवटच्या पायरीपासून पाणी पंचवीस पावलं लांब असलेला धक्का तुम्ही ओहोटीच्या वेळी पाहिला असेलच. बांधकाम चांगलं, उद्घाटनाची पाटी जागेवर, आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन त्याच्या बाजूने, जुन्याच वाटेने, चिखलातून होडीकडे निघालेल्या. ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं असतं. पण चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीची असते, जागा निवडतानाच झालेली.

हा लेख ती निवड करणाऱ्यांसाठी आहे: ग्रामपंचायतीचे सदस्य, शाखा अभियंते, खाडीपट्ट्यात काम करणारे कार्यकर्ते. दाभोळ–धोपावे किंवा वेसवी–बागमांडला यांसारख्या गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही. इथे विषय आहे तो दहा-पंधरा माणसं, दोन टोपल्या आणि एखादी सायकल नेणाऱ्या होडीचा, म्हणजे ज्याला आपण ‘तर’ म्हणतो त्याचा. एका खाडीवर अशा तरींच्या आठ-दहा जागा असतात, पैसे दोन-तीन जागांपुरते येतात. कुठल्या दोन-तीन, हे ठरवायचं असतं.

सगळ्यात जास्त फसवते ती पाहणीची वेळ. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि उधाणाची तळातली ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला उलट: दुपारी ओहोटी असते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं न उतरणारी. आता तालुक्याहून निघालेली जीप जागेवर किती वाजता पोचते ते आठवा. अकरा-बारा. या वेळेला जाणाऱ्याला एकतर उधाणाची तुडुंब भरती दिसते, नाहीतर भांगाची सौम्य ओहोटी. वर्षभर दर आठवड्याला गेलात तरी ऑफिसच्या वेळेत खाडीचं सर्वात खालचं पाणी दिसणारच नाही. मी स्वतः एकदा अष्टमीला दुपारी जाऊन ‘पाणी पायरीला लागतं’ असा शेरा लिहिला होता. तो शेरा आजही फाइलमध्ये असेल, आणि पायरी चिखलात आहे.

## तयारी: तिथी, बांबू, पहार

तारखा ठरवताना पंचांग उघडा. मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपट निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे ती थोडी आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसापेक्षा एक-दोन दिवसांनी, म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला जास्त असतो. पाहणीसाठी तेच दिवस घ्या.

बंदर कार्यालयातून भरती-ओहोटीचं कोष्टक मिळालं तर उत्तमच. पण ते बंदराच्या मुखाचं असतं. खाडीत आत जावं तशी ओहोटी उशिरा येते, किती उशिरा ते खाडीच्या लांबी-रुंदीवर आणि वळणांवर अवलंबून. हा फरक कोणी सांगून कळत नाही, मोजावा लागतो.

सामान साधं आहे. चार मीटरचा सरळ बांबू, त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा. एक पहार. मोजपट्टी, वही, तारीख-वेळ छापणारा फोनचा कॅमेरा. आणि पायात काही घालणार असाल तर जुने कॅनव्हासचे बूट. चप्पल चिखलात राहते, आणि अनवाणी गेलात तर खडपावरची कालवं तळपाय कापतात.

आणखी एक जण हवा: तरीवाला. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडणार असेल तर तो द्या. फुकट बोलावलेला माणूस आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सांगतो.

## टप्पा १: मागणी अर्जांची नव्हे, खाडीची यादी करा

बहुतेक ठिकाणी यादी आलेल्या अर्जांवरून होते. ज्या गावचा सरपंच तालुक्याला रोज येतो त्या गावची तर यादीत पहिली, आणि ज्या वाडीतून कोणी येतच नाही तिची तर यादीतच नाही. अर्ज बाजूला ठेवा. मुखापासून वरपर्यंत होडीने जा आणि माणसं जिथे जिथे चढतात-उतरतात ती प्रत्येक जागा वहीत घ्या. नकाशावर नसलेल्या जागा हमखास सापडतात: एखाद्या खारबंधाऱ्याच्या (खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या) उघाडीशेजारची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराशेजारची, एखाद्या मळ्याच्या टोकाची.

नाव लिहाल ते गावातलं. ‘खालचं बंदर’, ‘पिंपळाखालची तर’, जे असेल ते. महसुली गावाचं नाव लिहिलंत की पुढे दोन वेगळ्या जागा एका नावाखाली येतात आणि निधी भलतीकडे जातो.

नोंद नेहमी जोडीने करा. तरीला दोन टोकं असतात. ऐकायला बावळटपणाचं वाटेल, पण निम्मी कामं इथेच वाया जातात: अलीकडे पायऱ्या, पलीकडे चिखल. कारण सरळ आहे, खाडी हीच बहुतेकदा हद्द असते. दाभोळच्या खाडीला एका बाजूला दापोली आणि दुसऱ्या बाजूला गुहागर. सावित्रीच्या मुखाशी रायगड आणि रत्नागिरी, म्हणजे जिल्हेच वेगळे, दोन नियोजन समित्या. वाघोटण खाडीचंही तसंच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. गोव्यात फेरीबोटी एकच नदी परिवहन खातं चालवतं. आपल्याकडे दोन काठांचा हा घोळ गृहीत धरूनच काम करायचं.

तपासा: प्रत्येक नोंदीला दोन्ही काठांची नावं, दोन्ही ग्रामपंचायती आणि दोन्ही तालुके लिहिले आहेत का? आणि पावसाळ्यात तर त्याच जागी लागते का? पुष्कळ ठिकाणी जून ते सप्टेंबर होडी दुसरीकडे, आडोशाला लावतात. तसं असेल तर ती जागाही त्याच नोंदीत.

## टप्पा २: तळातली ओहोटी जागेवर उभं राहून पाहा

हा टप्पा टाळला तर पुढचे सगळे फुकट. म्हणून इथे वेळ घ्या. एका सकाळी एकच जागा, फार तर दोन.

उजाडायच्या आत पोचा. बांबू पाण्याच्या कडेला रोवा, दर पंधरा मिनिटांनी पाण्याची खूण लिहा. पाणी थांबलं आणि परत चढू लागलं, ती वेळ म्हणजे तुमच्या जागेचा तळ. कोष्टकातल्या वेळेशी ताडून पाहा. तोच तुमच्या खाडीचा उशीर. आता ही पातळी कशाशी तरी बांधा: कातळावर छिन्नीने रेघ, जुन्या धक्क्याचा कोपरा, देवळाची पायरी. सहा महिन्यांनी परत येऊन जी सापडेल अशी खूण हवी. झाडावर खूण करू नका.

मग मोजा:

१. कोरड्या जमिनीपासून होडी जिथे टेकते तिथपर्यंत पावलं किती.
२. त्यातली चिखलातली किती आणि चिखल कुठवर येतो: घोटा, पोटरी, गुडघा.
३. पहार स्वतःच्या जोराने न दाबता किती आत जाते, आणि खाली कातळ लागतो की नुसताच रेंदा.
४. खोल धार काठापासून किती अंतरावर आहे.

एका खाडीतली सकाळ सांगतो, नाव नको. बीजेचा दिवस, सव्वासातची वेळ. माध्यमिक शाळेची सहा पोरं बांधावर बसून बूट काढत होती. नाड्यांनी बूट दप्तराला बांधले, पँटा गुडघ्याच्या वर. तरीवाल्याने फळी टाकली. फळी कसली, मोडलेल्या होडीची एक बाजू. ती सात-आठ पावलांना पुरली, पुढे चिखलच. मी मागून मोजत गेलो, त्रेचाळीस पावलं. पहार कोपरापर्यंत आत गेली आणि खाली काही लागलं नाही. पलीकडच्या काठाला पोरांनी हापशावर पाय धुतले, आणि तो हापसाही शाळेचा नव्हता, कोणाच्या तरी अंगणातला. या जागेबद्दल आलेल्या अर्जात ‘धक्का जीर्ण झाल्याने नूतनीकरण करावे’ एवढंच होतं. धक्क्याचं नूतनीकरण करून त्या त्रेचाळीस पावलांतलं एकही कमी झालं नसतं.

हिशेब असा असतो. उधाणाच्या ओहोटीचं पाणी भांगाच्या ओहोटीपेक्षा समजा अर्धा मीटर खाली गेलं आणि काठाचा उतार पन्नासाला एक असेल, तर चिखलाची वाट २५ मीटरने वाढते. उंचीत किरकोळ दिसणारा फरक आडवा झाला की एवढा होतो. मुंबईकडे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो, सिंधुदुर्गाकडे तो अडीचच्या आसपास. म्हणून रायगडातला नकाशा उचलून मालवणच्या खाडीत वापरू नका, आणि उलटही नको.

धार हलते का, हे तरीवाल्याला विचारा. ‘दहा वर्षांपूर्वी होडी कुठे लावायचास?’ एवढा प्रश्न पुरतो. वाळूउपसा कुठे चालतो ते पाहा. हातपाटीने काढतात की सक्शन पंपाने, तेही लिहा. पंपाने खणलेल्या खड्ड्याच्या बाजूला काठ ढासळतो आणि गाळ दुसरीकडे बसतो. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचतो, बाहेरच्या बाजूला पाणी खोल राहतं पण काठ खातं. शक्य असेल तर बाहेरच्या बाजूची, खाली कातळ असलेली जागा घ्या, मग ती जुन्या धक्क्यापासून शंभर पावलं लांब का असेना.

वाशिष्ठीवाल्यांना एक गोष्ट जास्तीची. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी चिपळूणजवळ याच नदीत उतरतं. वरच्या भागातली पातळी तिथीबरोबर वीजनिर्मितीच्या तासांवरही हलते. तिथे एक दिवस पाहून चालणार नाही.

तुमची तर धरणाच्या पाण्यावर चालत असेल, उजनी किंवा कोयनेचा शिवसागर, तर भरती-ओहोटीच्या जागी ऋतू घ्या. ऑक्टोबरात काठाला लागणारं पाणी मे महिन्यात कुठल्या कुठे गेलेलं असतं. पाहणी मे महिन्यातच. आणि वाऱ्याची दिशा लिहा. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव–कळाशी दरम्यान अचानक सुटलेल्या वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. रुंद पाण्यावर चढण्या-उतरण्याची जागा आडोशाला आहे की उघड्यावर, याला खाडीपेक्षा जास्त वजन द्यायला हवं.

थांबा: दोन्ही काठांची ओहोटी पाहिली का? एका काठाला कातळ आणि दुसऱ्याला रेंदा हे नेहमीचं आहे. अवघड काठावरून जागेचा निकाल लावा, सोप्यावरून नाही.

## टप्पा ३: माणसं मोजा, न आलेलीही

तीन दिवस मोजा: बाजाराचा, साधा, आणि उधाणाचा. पहिल्या होडीपासून शेवटच्या होडीपर्यंत. शाळेच्या एखाद्या शिक्षकाला किंवा बचत गटातल्या ताईंना बसवलंत तर आकडे बरे येतात. कंत्राटी माणूस दुपारी झाडाखाली झोपतो आणि संध्याकाळी अंदाजाने रकाने भरतो.

नुसती बेरीज नको. मुलं किती, डोक्यावर ओझं असलेल्या बायका किती, आजारी-म्हातारे किती, दुचाकी चढवली का, हे वेगवेगळं लिहा. शंभर तरणी माणसं आणि वीस पाट्या घेतलेल्या मासळीवाल्या यांना लागणारी जागा सारखी नसते.

अवघड भाग पुढे आहे. जी माणसं चिखलामुळे येतच नाहीत ती मोजणीत दिसत नाहीत, आणि जागा जितकी वाईट तितके आकडे कमी दिसतात. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर निवड केली की बऱ्या जागा आणखी बऱ्या होतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही वाड्यांत दहा-बारा घरांत विचारणं: गेल्या महिन्यात पलीकडे जायचं काम होतं का, गेलात का, कसे गेलात, किती खर्च आला. गरोदर बाई, डायलिसिसचा रुग्ण, दहावीची मुलगी असलेलं घर मुद्दाम गाठा. आशाताईंना अशी घरं तोंडपाठ असतात.

सोबत रस्त्याचा पर्याय लिहा: किती किलोमीटर, एसटी दिवसातून किती वेळा, शेवटची किती वाजता. आणि पूल होणार आहे का, हेही. रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या पुलांचं नाव काढून खाडीवरच्या सगळ्याच तरी मोडीत काढायची घाई काही जण करतात. मुखाशी होणारा पूल पंधरा किलोमीटर आतल्या वाडीला काय कामाचा? वाडीपासून पुलापर्यंतचं अंतर प्रत्यक्ष रस्त्याने मोजा.

## टप्पा ४: कागद आधी, उत्साह नंतर

इथे लवकर आटपायचं, पण गाळायचं नाही.

सातबारा: बांधावरून बंदराकडे जाणारी पायवाट कोणाच्या नावावर आहे? आज सगळे चालतात म्हणून ती सार्वजनिक होत नाही. काम सुरू झाल्यावर हरकत येते, आणि हरकत घेणारा बहुतेकदा मुंबईला असतो. आधीच पत्र टाका.

खारबंधारा असेल तर खारभूमी विभाग. भरतीरेषेखालचं काम असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रादेशिक बंदर कार्यालयाशी आधी बोला, नंतर नाही. मासळी उतरवायची जागा असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची मंजुरी लागेल. २०१९ च्या अधिसूचनेतल्या कुठल्या पट्ट्यात जागा येते ते मंजूर नकाशावर पाहा, डोळ्यांनी ठरवू नका.

कांदळवन (खाऱ्या चिखलातली झाडं): तिवर, चिप्पी, कांदळ यांतलं काहीही जागेवर किंवा आसपास असेल तर अंतर मोजून लिहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कांदळवनात आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायचं तर सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ‘दोन झुडपं आहेत, रातोरात काढू’ असं म्हणणारा प्रत्येक गावात एक असतो. त्याला काठाजवळही फिरकू देऊ नका. गुन्हा दाखल होतो आणि जागा कायमची अडकते. कांदळवन असलेली जागा बाद करण्याआधी वर-खाली दोनशे मीटर चालून पाहा. मोकळी फट असते पुष्कळदा, आणि जुन्या माणसांना ती ठाऊक असते.

## टप्पा ५: आधी बाद करा, मग गुण द्या

या दोन गोष्टी एकत्र केल्या की तक्ता खोटं बोलतो. ज्या जागेला वाट मिळणारच नाही तिला ‘जमीन: १५ पैकी २’ असे गुण देऊन इतर रकान्यांच्या जोरावर पहिली आणण्यात अर्थ नाही. आधी तीन प्रश्न, हो किंवा नाही:

१. दोन्ही काठांना सार्वजनिक वाट आहे किंवा लेखी मिळते का?
२. कांदळवनाच्या पट्ट्याबाहेर काम बसतं का?
३. तर चालवणारा माणूस आहे का, आणि पुढची पाच वर्षं राहील का?

तिसरा प्रश्न विसरला जातो. तरीवाला सत्तरीचा, मुलगा पुण्यात. धक्का पूर्ण होईपर्यंत तर बंद. अशा जागी आधी चालवणारा शोधा: दोन्ही गावांनी मिळून ठेवलेला पगारी तांडेल (होडी चालवणारा), किंवा मच्छीमार सोसायटी. यंत्रावरची बोट असेल तर ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१’ खाली नोंदणी आणि बोटीत जीवरक्षक साधनं आहेत का, तेही याच वेळी पाहा.

उरलेल्या जागांना गुण. माझं वाटप असं असतं: वापर ३०, रस्त्याचा पर्याय नसणं २५, चिखल आणि धोका २५, देखभालीची तयारी २०. तुमच्या खाडीप्रमाणे बदला, पण एकदा ठरवल्यावर निकाल पाहून बदलू नका.

समजा पहिल्या जागी रोज १८० माणसं ये-जा करतात, रस्त्याने ६ किलोमीटर. दुसऱ्या जागी ४५ माणसं, रस्त्याने ३८ किलोमीटर. वापराचे गुण पहिलीला ३०, दुसरीला प्रमाणात ८. पर्यायाचे दुसरीला २५, पहिलीला ४. पहिलीला खाली कातळ, चिखल घोट्याइतका: ८. दुसरीला गुडघाभर: २२. देखभाल १५ आणि १४. बेरीज ५७ आणि ६९. नुसती माणसं मोजली असती तर पहिली जागा चौपट पुढे होती. हा तक्ता घेऊन मोठ्या गावात गेलात की आवाज चढतो. चढू द्या. रकाने भिंतीवर लावा, ज्याला आकडा पटत नाही त्याला सकाळी सहाला जागेवर बोलवा. येतात ते बहुतेक गप्प होतात; येत नाहीत त्यांचा प्रश्नच नाही.

इशारा: ‘खर्च’ असा रकाना या तक्त्यात टाकू नका. टाकला की स्वस्त जागा वर येतात, आणि स्वस्त जागा म्हणजे जिथे आधीच बरं आहे त्या. खर्चाचा विचार पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ६: प्रत्येक जागेला जेटी लागत नाही

अर्जात ‘जेटी’ लिहिलेलं असतं, कारण निधी जेटीच्या नावाने येतो. पण चिखल-वाटेच्या जागेला बहुतेकदा हवी असते ती ओहोटीच्या पाण्यापर्यंत जाणारी दगडी वाट, एका बाजूला कठडा, दोर बांधायला दोन-तीन उंचींवर खुंट आणि एक दिवा. एका जेटीच्या पैशात अशा तीन जागा होतात.

पायऱ्या की उतार? पाट्या, सायकली आणि म्हातारी माणसं असतील तर उतार. दहाला एक असा उतार धरला तर अडीच मीटरच्या चढउताराला २५ मीटर लांबी लागते. तेवढी जागा नसेल तर पायऱ्या, पण १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि पाऊल पूर्ण मावेल इतक्या रुंद. गुळगुळीत फिनिशिंग मागू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात महिन्याभरात शेवाळ धरतं. आडव्या खाचा हव्यात. चिरा (जांभा दगड) वरच्या कोरड्या भागात वापरा, पाण्याच्या पट्ट्यात काळा दगड बरा. खाऱ्या पाण्यात सळई गंजते आणि काँक्रीट फुटतं, त्यामुळे सळई जितकी कमी तितकं आयुष्य जास्त.

उंच धक्का लाँचसाठी बरा, छोट्या होडीला नाही. ओहोटीला होडी दीड-दोन मीटर खाली असते आणि साडी नेसलेल्या बाईने तिथून उडी मारावी अशी अपेक्षा नकाशा काढणाऱ्याची असते. ज्या होड्या प्रत्यक्ष लागतात त्यांच्या कडेची पाण्यावरची उंची मोजून नकाशावर लिहून द्या.

पैसा कमी असेल तर खालून वर बांधा, वरून खाली नाही. रस्त्याच्या बाजूने सुरुवात केलेलं काम निधी संपताच चिखलाच्या अलीकडे थांबतं.

## टप्पा ७: दोन ठराव, एक फाइल

दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव एकाच मजकुराचे, जागेचं नाव अक्षर न अक्षर सारखं. दोन तालुके असतील तर दोन्हीकडच्या फाइलला एकमेकींची प्रत जोडा. ओहोटीच्या तळाचे तारीख-वेळेसह फोटो पहिल्या पानावर, आणि त्याखाली एक वाक्य: ‘कामाची मोजणी या पातळीपासून करावी.’ हे वाक्य नसेल तर अंदाजपत्रक दुपारच्या पाण्यावर होतं, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात.

ठरावातच लिहा की शेवाळ कोण घासणार, दिव्याचं बिल कोण भरणार. ‘ग्रामपंचायत’ असं लिहिलं तर कोणीच घासत नाही. माणूस किंवा गट नेमा, महिन्याची रक्कम लिहा.

निवड न झालेल्या जागांचे तक्तेही फाइलमध्ये राहू द्या, तारखेसह. पुढच्या वेळी निधी येईल तेव्हा सगळी खाडी पुन्हा चालायची गरज पडत नाही, फक्त गाळ आणि माणसं नव्याने मोजायची.

## पहिल्या पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरच्या उधाणाला तोच बांबू घेऊन त्याच खुणेपाशी जा. शेवटच्या पायरीपुढे गाळ किती बसला, वाटेखालचा दगड कुठे खचला, होडी प्रत्यक्षात कुठे लागते ते लिहा. होडी नव्या वाटेला न लागता दहा पावलं बाजूला लागत असेल तर तरीवाल्याला कारण विचारा. एका ठिकाणी उत्तर आलं, ‘खुंट चुकीच्या अंगाला आहे, सुकतीचं (ओहोटीचं) पाणी होडी ओढून नेतं.’ खुंट हलवायला अर्धा दिवस आणि दोन पोती सिमेंट लागलं.